वाडीचा भंडारा घेऊन राजुरीपर्यंत

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच मान्य करतो. ज्यांनी समुद्र ओलांडले, बर्फ पाहिला, विमानाच्या खिडकीतून खाली ढग पाहिले, त्यांनी लिहावं. मी आंबेगाव तालुक्यातून निघालो आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यातून परत आलो. वाटेत नद्या लागल्या त्याही पुलावरून ओलांडल्या. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे वाक्य बरोबर झालं की नाही हे विचारायला घरी कुणी नाही. पण आमच्या इतिहास विभागाच्या बाई म्हणाल्या, "तू गेलास, तू पाहिलंस, मग दुसरं कोण लिहिणार?" म्हणून धीर केला आहे. कुठे चुकलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी कशासाठी गेलो ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमची वाडी आंबेगावच्या पूर्वेकडच्या माळावर आहे. घरं बहुतेक धनगरांची. काहींनी शेती धरली, काही अजून मेंढरांमागे आहेत. वाडी ज्या गावाची, ते गाव खाली ओढ्याकाठी, बागायती. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसंही माझीच आहेत. ग्रामपंचायत त्या गावात. पाण्याची टाकी त्या गावात. आमच्या रस्त्याचा, दिव्याचा, स्मशानाच्या शेडचा निर्णय त्या गावात. आमची वाडी महसुली गाव म्हणून कागदावर चढली, पण ग्रामपंचायत काही वेगळी झाली नाही. ती व्हावी म्हणून आमची माणसं माझ्या जन्माच्या आधीपासून खेटे घालत होती. त्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विभाजनाचा ठराव मताला येणार होता. मागे एकदा असाच आला आणि पडला, कारण दिवाळी झाली की निम्मी वाडी मेंढरं घेऊन बाहेर पडते आणि पाऊस तोंडावर आला की परतते. जानेवारीत हात वर करायला वाडीत माणूसच नसतो.

आता कुणी म्हणेल, फोन करायचा. फोन सगळ्यांकडे आहेत. पण वाडीच्या कामाचं बोलावणं आमच्यात फोनवर होत नाही. बिरोबाच्या देवळातला भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, घेऊन माणसानं जायचं असतं. समोरच्याच्या तळहातावर ती ठेवायची, काम सांगायचं. त्यानं ती कपाळाला लावली की शब्द दिला. तो मोडलेला मी पाहिलेला नाही. हे काम माझे वडील करायचे. मी त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांचे गुडघे आता चालू देत नाहीत, म्हणून भंडाऱ्याची पिशवी माझ्याकडे आली. आमचे वाडे तेव्हा जुन्नर तालुक्यात बोरी आणि राजुरीच्या शिवारात होते. मेंढपाळांच्या मुक्कामाला आम्ही वाडा म्हणतो: उघडं वावर, मेंढरांभोवती लावलेली दोरीची जाळी, म्हणजे वाघर, बाजूला बिऱ्हाड वाहणारी घोडी आणि तीन दगडांची चूल.

आणखी एक ओझं माझ्या डोक्यात होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी नव्या अमेरिकन प्रजासत्ताकाचं राजकारण आणि भूविस्तार हा विषय घेतला होता. माळावरच्या मुलानं हा विषय का घ्यावा, असं मला पुष्कळांनी विचारलं. त्याचं खरं कारण असं आहे. बाईंनी एकदा वर्गात सांगितलं की इंग्रजांपासून सुटलेली तेरा राज्यं समुद्राच्या कडेनं होती आणि त्यांच्यामागे पश्चिमेला मोठा मुलूख पडला होता. त्या मुलखात वस्ती वाढली तर तिला कायम हाताखाली ठेवायचं, की मोठी झाल्यावर बरोबरीला बसवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. बाकीची मुलं लिहून घेत होती. मला आमची वाडी दिसली.

मंचर ते नारायणगाव

मंचरला एसटी धरली. आप्पांनी भंडारा कापडी पिशवीत बांधून दिला होता आणि देवाची वस्तू पायाशी नको म्हणून मी ती शर्टाच्या खिशात ठेवली होती. कळंबच्या पुढे रस्त्यानं दोन-तीन दणके दिले. नारायणगाव जवळ आल्यावर कंडक्टर माझ्याजवळ थांबला, माझ्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पावणं, हळद लागल्यावर पळून चाललाव का?"

खाली पाहिलं तर पांढरा शर्ट खिशापासून कमरेपर्यंत पिवळा. पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून हसल्या. एक म्हणाली, पोरगी पसंत नसेल तर आधी सांगायचं असतं. खरं सांगितलं असतं तर लांब झालं असतं. मी फक्त "देवाची आहे" एवढं म्हणालो, तेव्हा कंडक्टरनं आपलं बोट माझ्या शर्टावरून फिरवून कपाळाला लावलं आणि पुढे गेला. दुसरा शर्ट मी आणला नव्हता, त्यामुळे पुढचा सगळा प्रवास नवरदेवाच्या वेशात झाला.

खोडद

नारायणगावहून जीपनं खोडदला गेलो. शेतांच्या मधून रेडिओ दुर्बिणीच्या, लोखंडी जाळ्यांच्या त्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. आम्हाला शाळेतून एकदा सहलीला आणलं होतं, पण तेव्हा मी डबा कुणाबरोबर खायचा या काळजीत होतो. आता नीट पाहिलं. खाली कांद्याची लागण चालली होती. बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या, आणि वर ती तबकडी इतकी सावकाश वळत होती की वळते आहे हे सावलीवरून कळावं. जगातले लोक आकाशातलं ऐकायला आमच्या भागात येतात, हे मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. जवळ कुणीच नव्हतं. इथे सांगतो.

तबकडीच्या पलीकडे रिकाम्या वावरात वाडा दिसला. तीच लाल पागोटी, तशीच घोडी. मला आनंद झाला, कारण आमच्यातलं एखादं माणूस बोरीहून पुढे सरकून आलं असेल असं वाटलं. चुलीपाशी एक म्हातारे बसले होते. मी घाईनं पाया पडलो, पिशवी सोडली, त्यांच्या तळहातावर भंडारा ठेवला आणि सव्वीस जानेवारीचं सगळं घडाघडा सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. भंडारा कपाळाला लावला. मग म्हणाले, "कंच्या गावचा म्हनालास?"

मी सांगितलं.

"मी पारनेरकडचा, बाळा."

आमच्यात भंडारा काढण्याआधी 'कुणाचा वाडा' हे विचारायचं असतं. लहान पोरालाही ते ठाऊक असतं. मी कॉलेजात तीन वर्षं काढून ते विसरलो होतो. मी म्हणालो, चूक झाली, तुमचा आमच्या ग्रामसभेशी काही संबंध नाही, हे विसरून जा. म्हाताऱ्यांचं नाव धोंडीबा होतं हे मागून कळलं. ते विसरायला तयार नव्हते.

"कपाळाला लावला. आता पुसून टाकू व्हय? बिरोबा काय तालुक्या-तालुक्याचा निराळा हाय?"

त्यांनी मला मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. मेंढीचं दूध दाट असतं, त्यावर साय लगेच धरते आणि वास ज्याला सवय नाही त्याला लागतो. मला घरी आल्यासारखं वाटलं. निघताना त्यांनी आमचा वाडा कुठे आहे ते नीट विचारून घेतलं. का विचारलं ते मला तेव्हा कळलं नाही.

बोरी बुद्रुक

बोरी कुकडीच्या काठी आहे. नदीच्या कडेला मातीत एके ठिकाणी पांढरट राखेचा थर उघडा पडलेला दिसतो. हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे एक ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख उडत येऊन इथे बसली, असं अभ्यासक सांगतात. मी चिमूटभर बोटावर घेतली. पिठासारखी मऊ होती. पिवळ्या शर्टावर तिचाही डाग पडला.

आमच्या चुलत्यांचा वाडा ऊस तुटून गेलेल्या वावरात होता. त्यांना मी नाना म्हणतो आणि चुलतीला नानी. नानीनं मला लांबूनच पाहिलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात नानांना म्हणाली, "ह्याचं लगीन ठरलं आन आपल्याला सांगावा बी न्हाई."

जेवायला हुलग्याच्या शेंगोळ्या होत्या, लसूण ठेचून घातलेल्या, आणि बाजरीची भाकरी. हॉस्टेलात मला कुणी विचारलं की तुमच्याकडचं खास काय, तर मी उगाच गप्प बसायचो. आता बसणार नाही. थंडीत उघड्या वावरात शेंगोळ्यांचा तो गरम रस्सा ज्यानं प्यायला नाही त्याला आमच्याकडची थंडीच कळली नाही.

जेवण झाल्यावर मी भंडारा काढला. या वेळी पद्धतीनं. पण नानांनी हात पुढे केला नाही. ते म्हणाले, वावराच्या मालकाला शब्द दिला आहे. मेंढरं वावरात बसवली की लेंडीखत पडतं, त्या बदल्यात मालक धान्य देतो, आणि ठरल्या मुक्कामाच्या आधी वाडा उठवला तर पुढच्या वर्षी त्या शिवारात कुणी बोलवत नाही. शिवाय पलीकडच्या उभ्या उसात बिबट्या आहे. मेंढरं कुणावर टाकून जायचं?

"तुम्ही एकटे या, नानी राखेल," मी म्हणालो.

"व्हय, व्हय," नानी म्हणाली. "बाप्या मानूस जाऊन हात वर करनार, बाई कुत्र्यासंगं बसनार. माजं मत काय मेंढराला देऊ?"

नाना हसले, पण हात मांडीवरच राहिला. मी भंडारा परत पिशवीत ठेवला. नानांचा वाडा मोठा; भाऊबंद, सुना, गडी मिळून वाडीची पुष्कळ मतं त्या एका वाघरीमागे होती. ती आली नाहीत तर ठराव पुन्हा पडणार हे दोघांनाही माहीत होतं.

दिवस कलत होता. मेंढरं अजून रानात होती. वेळ घालवायला नानी म्हणाली, तुझी ती अमेरिका तरी सांग, बापानं फीचे पैसे भरलेत. मी जमिनीवर काडीनं नकाशा काढला. समुद्राच्या कडेनं तेरा राज्यं. मागे डोंगर, डोंगरामागे मुलूख, मग मिसिसिपी नावाची मोठी नदी. मी सांगितलं की त्या लोकांनी कायदे केले. नव्या मुलखाची साखळीनं मोजणी करायची, चौकोनी तुकडे पाडायचे. सुरुवातीला वरून नेमलेला अंमलदार कारभार बघेल. वस्ती वाढली की लोकांनी आपली सभा निवडायची. आणि साठ हजार स्वतंत्र माणसं झाली की त्या भागानं राज्य म्हणून यायचं, जुन्या तेरांच्या अगदी बरोबरीनं. ओहायो असंच आलं.

"म्हंजे थोरल्या तेरा भावांनी लिवून ठिवलं," नाना म्हणाले, "की मागनं जे जन्मतील त्यांना बी आपल्याएवढाच वाटा?"

मी हो म्हटलं.

"लई शाने निगाले राव. पर मोजायला कवा यायचे? दिवाळीच्या मागनं आले आस्तील तर निम्मी मानसं रानात."

मी त्यांना लुइझियानाचंही सांगितलं. नदीच्या पलीकडचा मोठा मुलूख फ्रान्सच्या नावावर होता. फ्रान्सला लढाईसाठी पैसा हवा होता, त्यानं तो विकायला काढला. अमेरिकेच्या अध्यक्षांना स्वतःलाच शंका होती की असा मुलूख विकत घ्यायची मुभा आपल्या राज्यघटनेत आहे का. तरी घेतला, आणि एका खरेदीनं देश जवळजवळ दुप्पट झाला. माझ्या आवाजात थोडा अभिमान आला असावा, जणू मीच सही केली होती. हा भाग मला नेहमीच आवडतो. नकाशा वाढताना पाहायला माणसाला आवडतं.

नानी काडीच्या रेषांकडे पाहत होती. "आन तितं आदी कोन ऱ्हात व्हतं?"

प्रकल्पात त्यावर माझं एक प्रकरण होतं, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होतं. तिथे शॉनी होते, मायामी होते, नदीपलीकडे कितीतरी जमाती होत्या. ज्या कायद्यात बरोबरीचं लिहिलं, त्याच कायद्यात असंही लिहिलं होतं की त्यांच्या संमतीशिवाय त्यांची जमीन घेतली जाणार नाही. मग फौजा गेल्या, दबावाखाली तह झाले, जमीन घेतली गेली. आणि लुइझियाना विकताना तर देणाऱ्यानं दिलं, घेणाऱ्यानं घेतलं; जे तिथे राहत होते त्यांच्या दारात विचारायला कुणी गेलंच नाही.

हे वाक्य मी बाईंसमोर अनेकदा म्हटलं आहे. पण तिथे वावरात म्हटलं आणि मी थांबलो. आमच्या नव्या ग्रामपंचायतीची जी हद्द ठरावात लिहिली होती, तिच्यात ओढ्यापलीकडची ठाकरवस्ती, म्हणजे ठाकर आदिवासींची घरं, येत होती. मी तालुका ओलांडून भंडारा घेऊन फिरत होतो. ठाकरवस्ती आमच्या घराच्या अंगणातून दिसते. तिथे जायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

"थांबलास का?" नानीनं विचारलं.

मी सांगितलं. नाना म्हणाले, त्यात काय, जवळ आहेत, येतील की.

"जवळ हायत म्हनूनच कोन गेलं न्हाई," नानी म्हणाली आणि उठून कुत्र्यांना भाकरी टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात हलवत राजुरीला निघणार, तेवढ्यात बांधावरून धोंडीबा येताना दिसले. बरोबर त्यांचा मुलगा, दोघांच्या खांद्यावर घोंगडी. ते खोडदहून चालत आले होते. नानांशी त्यांनी आधी पाऊसपाणी काढलं, मग मेंढरांचे आजार, मग कुणाची सोयरीक कुठे. आमच्यात कामाची गोष्ट शेवटी निघते. शेवटी म्हणाले, "ह्या पोरानं मला भंडारा दिला. मत तर मला तितं न्हाई. मग मी काय करायचं त्याचं? तर तुमी सगळी जावा. त्या दिशी तुमची मेंढरं मी आन माजा ल्योक राखतो. बिबट्याला बी आमी वळखतो."

परक्या वाड्यावर मेंढरं सोपवणं ही साधी गोष्ट नव्हे. नानांनी एकदा मेंढरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी तळहात पुढे केला. नानीनंही केला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चुकून का व्हईना, एक काम नीट केलंस."

राजुरी

राजुरीच्या शिवारात आमच्या वाडीचे आणखी वाडे होते. तिथे फार सांगावं लागलं नाही. नानांनी भंडारा घेतला हे कळल्यावर बाकीच्यांनीही घेतला. मेंढरं राखायला मागे कोण राहायचं हे त्यांनी आपसांत ठरवलंसुद्धा. ज्या शेतकऱ्याच्या वावरात वाडा होता, त्याच्या घरी मला जेवायला बोलावलं. मासवडी होती. नाव मासवडी, पण त्यात मासा नसतो. बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळलेली वडी आणि तिखट काळा रस्सा. आमच्या माळावर ती सणालाच होते. तिथे ती पाहुणा आला म्हणून झाली, आणि पाहुणा मी होतो, हे मला दोन घास गेल्यावर लक्षात आलं.

राजुरीत मोठे बंगले आहेत, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात गाई. त्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "भाऊ, एक सरपंच सांभाळताना नाकी नऊ येत्यात, तुमाला अजून एक कशाला पायजे?"

पूर्वी मी अशा प्रश्नाला हसून गप्प बसलो असतो. त्या दिवशी म्हणालो, "नाकी नऊ आले तरी चालतील, पण ते आमचे असू देत." तो हसला आणि त्यानं माझ्या ताटात आणखी रस्सा ओतला.

ओढ्यापलीकडे

घरी आल्यावर आप्पांनी पिशवी हातात घेऊन पाहिली. तळाशी थोडा भंडारा उरला होता. मी म्हणालो, ठाकरवस्तीत जाऊन येतो. त्यांनी अडवलं नाही.

ठाकरवस्तीत पारूबाई म्हणून एक वयस्क बाई आहेत. वस्तीचं बोलणं त्याच करतात. मी भंडारा काढला तर त्यांनी हात मागे घेतला. "त्यो तुमच्या देवाचा. आमचा देव डोंगरावर. आन तू पोरगा हायस. वस्तीचं इचारायचं तर बापाला धाड."

मी परत जाऊन आप्पांना तसंच सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी काठी मागितली. जो माणूस गुडघ्यांपायी बोरीला जाऊ शकला नव्हता, तो ओढ्याच्या दगडांवरून एकेक पाय ठेवत उतरला आणि चढला. मी हात दिला तर तो त्यांनी घेतला नाही. पारूबाईंच्या ओट्यावर बसून त्यांनी कोरा चहा घेतला. इतकी वर्षं शेजारी राहून आप्पा त्या ओट्यावर पहिल्यांदाच बसले होते.

पारूबाई सरळ मुद्द्यावर आल्या. "गावानं आमाला नळ दिला न्हाई. गाव म्हनतं, तुमी वाडीकडं मोडता. वाडी म्हनती, गावाला इचारा. उद्या तुमी गाव झाल्यावर काय? तुमी बी गावच व्हनार का?"

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. मी मध्ये बोलणार होतो, पण बोललो नाही, आणि हे या प्रवासातलं माझं सगळ्यात शहाणपणाचं काम असं मला वाटतं.

"आमाला जे सोसलं न्हाई ते तुमाला करायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "तुमचा वॉर्ड निराळा धरायचा. ठरावातच घालू. तोंडी न्हाई."

"मग आमी येतो," पारूबाई म्हणाल्या. "पर लिवलेलं वाचून दाखवायचं. समद्यांम्होरं."

सव्वीस जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा शाळेच्या पटांगणात बसली. सगळ्यांना वाटतं तसे गावचे सरपंच वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की गाव फुटलं तर पाणी योजनेचं काय, टाकी कुणाची, कामाचा निधी निम्मा होईल. त्यांनी ते शांतपणे मांडलं आणि खालच्या आळीतल्या पुष्कळांनी माना हलवल्या. आमच्या बाजूला तोवर मोजकी म्हातारी माणसं होती.

मग रस्त्यावर पिकअप थांबला. लाल पागोटी उतरली, त्यामागून बायका, नानी सगळ्यांत पुढे. दुसरी गाडी राजुरीहून आली. ओढ्याकडून ठाकरवस्तीची माणसं चालत आली आणि आमच्या ओळीत बसली. पटांगण पाहता पाहता भरलं. कुणीतरी मागून म्हणालं की आज मेंढरांना सुट्टी दिसते, आणि सगळेच हसले, सरपंचही.

ठराव वाचायला मला उभं केलं. वर्गात मी कधी उभा राहून वाचलेलं नाही. सुरुवातीच्या ओळी अडखळत वाचल्या. ठाकरवस्तीच्या वॉर्डाची ओळ आली तेव्हा पारूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचली. या वेळी नीट आली.

हात वर झाले. ग्रामसेवकांनी मोजले. खालच्या आळीतून हरकत आली म्हणून पुन्हा मोजले. ठराव मंजूर झाला. कुणी गुलाल उधळला नाही, कारण आप्पांनी आधीच बजावलं होतं की गावाच्या दारात गावाला खिजवायचं नाही. नाना आणि नानी भाकरी न खाताच पिकअपमध्ये बसले. त्यांना परक्या माणसाच्या हाती सोडलेली मेंढरं दिसत होती. सांगायला आनंद वाटतो की ती सगळी सुखरूप होती.

ठराव म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. तो तालुक्याला जातो, जिल्ह्याला जातो, मग मुंबईला. उन्हाळा गेला. मेंढरं परत आली. माझी परीक्षा झाली आणि प्रकल्पही देऊन झाला. त्यात नानीच्या प्रश्नामुळे मी एक प्रकरण पुढे आणलं आणि तिथल्या मूळ रहिवाशांपासून सुरुवात केली. पुढच्या शिक्षणासाठी मी पुण्यात आलो. दर रविवारी घरी फोन करायचो, आप्पा म्हणायचे, "अजून न्हाई." पुढे पुढे मी विचारणं सोडलं, आणि ते सांगणं.

एका सकाळी अनोळखी नंबर वाजला. मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर होतो. बोलणारे आमच्या मूळ गावचे सरपंच होते, ज्यांनी ठरावाविरुद्ध हात वर केला होता.

"राजपत्रात आलं. तुमची ग्रामपंचायत झाली," ते म्हणाले. "तुज्या आप्पाचा फोन लागंना, म्हनून तुला लावला. पान्याच्या टाकीचं आदी बोलावं लागंल. तुमचा सरपंच निवडून आला की बसू. आन तारीक आमी न्हाई ठरवायची आता. दोगांनी मिळून ठरवायची, येवढं आप्पाला सांग."